क्ष = क्ष + १ : गणित विषय समितीस खुले पत्र

प्रति,
गणित विषय समिती, बालभारती, पुणे
तसेच राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : सातवी ते नववीच्या गणितातच प्रोग्रॅमिंग आणण्याबाबत, तेही फलनांच्या वाटेने

आदरणीय सदस्यहो,
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात एका अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवते. बावीस वर्षं झाली. गेली सहा वर्षं संगणकाचे तासही माझ्याच गळ्यात आहेत. संगणकशिक्षकाची जागा भरली गेली नाही, आणि गणितवाल्याला संगणक येतोच असा आमच्याकडे समज आहे. मला येत नव्हता. शिकले. शिकता शिकता एक चूक करून बसले, ती आधी सांगते.

आठवीची घटक चाचणी होती. संगणकाचा पेपर मीच काढला होता. पहिली ओळ क्ष = ५, दुसरी ओळ क्ष = क्ष + १, तर क्ष ची किंमत किती, असा एका गुणाचा प्रश्न. (आपल्या पुस्तकांत इंग्रजी अक्षर असतं, मी आमच्या वेळच्या सवयीने क्ष लिहिते.) बहुतेकांनी सहा लिहिलं. एका मुलीने लिहिलं, "दोन्ही बाजूंतून क्ष वजा केला. ० = १ आले. म्हणून असा क्ष नाही." आणि उत्तराखाली पट्टीने दोन रेघा. मी लाल पेनाने शून्य दिलं.

ती भांडायला आली नाही. पेपर हातात घेऊन नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मंग गणितातला क्ष खरा का कॉम्प्युटरमधला?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरमध्ये चालतं असं."

हे उत्तर मी पुढे कित्येक रात्री चघळत होते. त्या आठवड्यात त्याच वर्गात, त्याच फळ्यावर, तिसऱ्या तासाला मी 'एकचल समीकरणे' शिकवत होते. बरोबरचं चिन्ह म्हणजे तराजू, दोन्ही पारडी सारखी, एका बाजूला जे कराल ते दुसऱ्या बाजूला करा, हे घसा फोडून सांगत होते. सहाव्या तासाला त्याच चिन्हाचा अर्थ मी असा लावला की उजवीकडचं उचला आणि डावीकडच्या डब्यात टाका, डब्यात आधी काय होतं ते विसरा. तिसऱ्या तासाचं ज्या पोरीला मनापासून पटलं, तिला सहाव्या तासाला शून्य मिळालं. ज्यांना तिसऱ्या तासाचं काहीच कळलं नव्हतं, त्यांना सहाव्या तासाला अडचणच आली नाही. पास्कल नावाची १९७० सालची भाषा होती, तिने निदान चिन्ह तरी वेगळं ठेवलं होतं, बरोबरच्या आधी दोन टिंबं. आज शाळांत येणाऱ्या भाषांना तेवढीही भीड उरलेली नाही.

माझा भाचा मिहानमध्ये एका कंपनीत काम करतो. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याला हा किस्सा सांगितला. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "मावशी, त्या पोरीचं बरोबर आहे. ती म्हणते तशाही भाषा असतात की." आणि चिवड्याची वाटी बाजूला सारून त्याने लॅपटॉप उघडला. फंक्शनल प्रोग्रॅमिंग हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. पुढचं सगळं त्या संध्याकाळपासून.

तुमच्यापैकी काहींना हा विषय माझ्यापेक्षा नक्कीच जास्त माहीत असेल. तरी मुलांना मी तो कसा सांगते ते लिहिते, कारण माझी मागणी त्या सांगण्यावरच उभी आहे.

दळणाच्या गिरणीत रांगेत उभ्या असलेल्या बाया एकमेकींना काय विचारतात? "कशावर चाललंय?" बाजरीवर गहू दळला तर पहिल्या दोन मुठी पीठ काळपट येतं, पोळीला वास लागतो. म्हणून शहाणी बाई गव्हावरच गहू टाकायला लावते, नाहीतर थांबते. गिरणी तीच, गहू तोच, पण पीठ कसं येईल हे आधी कोणाचं दळण झालं त्यावर ठरतं. आपण मुलांना नेहमी शिकवतो ते प्रोग्रॅमिंग या गिरणीसारखं आहे. डब्यांत किंमती साठतात, बदलतात, आणि एखादी ओळ काय उत्तर देईल हे तिच्या आधी कोणकोणत्या ओळी चालल्या त्यावर अवलंबून राहतं. फंक्शनल पद्धतीत गिरणी दर वेळी स्वच्छ असते. तोच गहू टाका, तेच पीठ. आज टाका, उद्या टाका, रांगेत पहिले असा की शेवटचे. एकदा नाव दिलं की त्या नावाची किंमत बदलत नाही, म्हणजे क्ष हा क्षच राहतो. अशा गिरणीला गणितात फलन, म्हणजेच फंक्शन, म्हणतात. (फलन शब्द काढला की आमच्या वर्गात हमखास कोणीतरी संत्र्याचं नाव घेतं. घेऊ दे.)

आता आपल्या पुस्तकांकडे बघा. सातवीत बैजिक राशी, आठवीत एकचल समीकरणे, नववीच्या पहिल्याच प्रकरणात संच. ज्याच्यासाठी हे सगळं रचलं, ते फलन मात्र अकरावीत. दहावीनंतर गणित सोडणाऱ्या मुलांना ते कधी भेटतच नाही. भूमितीच्या पुस्तकात तुम्ही जिओजिब्राचा, संगणकावर आकृत्या काढायच्या साधनाचा, उल्लेख केलात, चांगलं केलंत. त्रिकोणाचा कोपरा धरून ओढला की शिरोलंबसंपात कसा सरकतो हे मुलं डोळ्यांनी बघतात. बीजगणिताला असं काय दिलं आपण? चल म्हणजे काय, हे हाताला लागेल अशी कुठली जागा आहे?

मला ती जागा शनिवारी सापडली. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचे दोन तास सुटे. संगणक खोलीत पंधरा यंत्रं, त्यातली चालणारी नऊ, म्हणून सुरुवात चिठ्ठ्यांवर केली. पाच मुलांच्या हातात संत्र्यांची वजनं दिली : १८०, ९५, २१०, १४० आणि ६५ ग्रॅम. तीन मुलं फलन झाली. पहिल्याचं नाव निवड. त्याच्याजवळून जाताना १०० ग्रॅमच्या खालचं संत्रं बाहेर. दुसऱ्याचं नाव प्रत्येकी. तो हातात आलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर एकच काम करतो, इथे किलोला ६० रुपये भावाने किंमत काढून नवी चिठ्ठी लिहितो. जुनी चिठ्ठी खोडायची नाही, हा एकमेव कडक नियम. तिसऱ्याचं नाव गोळाबेरीज. निवडीतून १८०, २१० आणि १४० पुढे गेली, प्रत्येकीने १०.८०, १२.६० आणि ८.४० रुपये लिहिले, गोळाबेरजेने ३१.८० सांगितले.

वर्गातल्या एका मुलाचे वडील कळमन्याच्या बाजारात मापारी आहेत. आंबिया बहाराच्या दिवसांत तो पहाटे त्यांच्यासोबत जातो आणि शाळेत डुलक्या देतो. तो बाकावरूनच म्हणाला, "मॅडम, एवढं कायले लिहिता? आधी वजनाची बेरीज करा, मंग भावानं गुणा. तेवढेच येते." करून बघितलं. ५३० ग्रॅम, ३१.८० रुपये. मग मी विचारलं, निवड शेवटी नेली तर? आधी सगळ्यांची बेरीज करायची आणि मग बारकी काढून टाकायची? तो हसला. "मंग काय काढसान? ढीग एक झाला ना." 

वितरण गुणधर्म मी बावीस वर्षं फळ्यावर चौकट आखून लिहून देत आले आहे. त्या दिवशी तो मापाऱ्याच्या पोराने ढिगातून काढला, आणि कोणत्या दोन क्रियांची अदलाबदल चालते, कोणत्या दोघींची नाही, हेही सांगून टाकलं. जुन्या चिठ्ठ्या खोडल्या नव्हत्या म्हणून सगळा रस्ता टेबलावर दिसत होता. डब्यातली किंमत बदलत गेली असती तर शेवटी एकच आकडा उरला असता.

अदलाबदलीचा हा किडा मुलांच्या डोक्यात शिरला आणि पुढचे तीन शनिवार त्यातच गेले. सीताबर्डीवरच्या दुकानातलं बिल घेतलं. हजार रुपयांची वस्तू, १८ टक्के जीएसटी. दहा टक्के सूट आधी द्या किंवा कर लावून मग द्या, १०६२ रुपयेच. पण सूट सरळ ५० रुपयांची असेल तर? आधी सूट, मग कर : ११२१. आधी कर, मग सूट : ११३०. नऊ रुपयांचा फरक. मुलांनी 'सूट' आणि 'कर' अशी दोन फलनं लिहिली, एकाचं उत्तर दुसऱ्यात ओतलं, मग उलट ओतलं. सूट(कर(क्ष)) आणि कर(सूट(क्ष)). याला संयुक्त फलन म्हणतात आणि ते अकरावी-बारावीतलं आहे, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही.

यंत्रावर आम्ही रॅकेट वापरतो. ही भाषा फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते, आणि तिच्यात नवशिक्यांसाठी एक लहान आवृत्ती आहे, जिच्यात दिलेल्या नावाची किंमत बदलण्याची सोयच नाही. क्ष = क्ष + १ तिथे लिहिताच येत नाही. आज्ञेचे चारदोन शब्द इंग्रजी राहतात, पण नावं देवनागरीत चालतात. 'दळण', 'सूट', 'क्षेत्रफळ' अशी फलनं आमची मुलं लिहितात, आणि मराठी माध्यमाच्या मुलाला यंत्राच्या पडद्यावर आपला शब्द चाललेला दिसणं हे मी शब्दांत सांगू शकत नाही. आकडे मात्र इंग्रजीतच द्यावे लागतात. एकाने देवनागरी ५ टाकला तर यंत्र म्हणालं की या नावाची ओळख नाही. वर्गाने त्याला आठवडाभर 'अनोळखी पाच' म्हणून छळलं.

अजून एक गोष्ट, आणि गणिताच्या माणसाला हीच पुरेशी व्हावी. या लहान आवृत्तीत १ भागिले ३ केलं की पडद्यावर ०.३ येतं आणि ३ च्या डोक्यावर आडवी रेघ, अगदी पुस्तकात आवर्ती दशांशाला असते तशी. एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश केलं की बरोबर अर्धा. पायथॉन या सध्या सगळीकडे चालणाऱ्या भाषेत ०.१ आणि ०.२ मिळवून बघा, शेवटी सतराव्या घरात एक ४ लोंबकळत येतो. त्याचं कारण आहे, यंत्र द्विमान पद्धतीत मोजतं आणि जागा ठरलेली असते, आणि ते कारण बारावीच्या मुलाला जरूर सांगावं. पण परिमेय संख्या नुकत्या शिकलेल्या मुलापुढे यंत्राने चुकीची बेरीज का दाखवावी?

नववीच्या वर्गासोबत थोडं पुढे गेले. मराठीच्या तासाला लघु-गुरू शिकलेली मुलं. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? त्यांनी टाळ्या वाजवून, बाक बडवून पाच काढले. शेजारच्या वर्गातून निरोप आला. पाच मात्रांना? आठ. सहा मात्रांना बाक बडवणं जमेना, तेव्हा एक मुलगी म्हणाली की शेवटचं अक्षर बघू या. ते लघू असेल तर आधी एक कमी मात्रेची ओळ, गुरू असेल तर दोन कमी मात्रांची. म्हणजे मात्रा(न) = मात्रा(न − १) + मात्रा(न − २). छंदशास्त्रातून हीच संख्यामाला आपल्याकडे विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने मांडली, फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी. फळ्यावरची ती ओळ जशीच्या तशी यंत्रात गेली. फलन स्वतःलाच हाक मारतं, यात मुलांना फार नवल वाटलं नाही. नवल मला वाटलं.

मग कोणीतरी मात्रा(४०) विचारलं आणि यंत्र घुमत बसलं. उत्तर १६,५५,८०,१४१ आलं खरं, पण तोवर दोघं पाणी पिऊन आले. का? हातानं झाड काढलं तर दिसलं की मात्रा(५) चं उत्तर यंत्र पुन्हा पुन्हा नव्याने काढतंय. "मॅडम, एकदा काढलं ते वहीत लिहून ठेवत का नाही?" ठेवता येतं. आणि बिनधास्त ठेवता येतं, कारण गिरणी स्वच्छ आहे, कालचं उत्तर आज बदलणार नाही. अशी वही ठेवण्याला संगणकशास्त्रात वेगळं भारदस्त नाव आहे. आमच्याकडे ती वहीच आहे.

सगळं असंच गोड झालं असं मात्र समजू नका. सहावीला हा प्रयोग मी एक सत्र करून बघितला आणि तो साफ फसला. अकरा वर्षांच्या मुलाला क्ष म्हणजे 'कोणतीही संख्या' हेच अजून अंगवळणी पडलेलं नसतं, त्याला फलनाला फलन खाऊ घालायला सांगणं म्हणजे छळ. त्यांना चित्रं हवी होती, मांजर नाचायला हवं होतं. स्क्रॅच या लहान मुलांच्या चित्रमय भाषेत ते नाचतं, तर नाचू दे. सातवीच्या दुसऱ्या सत्रापासून जमतं असं माझं मत आहे. रॅकेटमध्ये कंसांचा सुळसुळाट आहे, एक कंस राहिला की पोरं वैतागतात, आणि चूक सांगणारा संदेश इंग्रजीत येतो. वर्गातली चार-पाच मुलं या सगळ्यातून काहीही न घेता निघाली, हेही लिहून ठेवते.

ही कल्पना माझी नाही, नवीही नाही. आलोन्झो चर्च या गणितीने १९३० च्या दशकात, विजेवर चालणारा संगणक यायच्या आधीच, नुसत्या फलनांवर सगळी आकडेमोड उभी करून दाखवली. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी त्या धर्तीवर लिस्प ही भाषा रचली. नव्वदीच्या दशकात ज्या मोजक्या शाळांत संगणक आले तिथे पडद्यावर कासव फिरायचं, आठवतं? ती लोगो भाषा, १९६७ सालची, लिस्पचीच लेक. ज्या जॉन बॅकस यांच्या हाताखाली १९५७ मध्ये फोरट्रान तयार झाली, डबे भरायची पद्धत ज्या भाषेने घरोघरी नेली, त्यांनीच १९७७ साली संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्या पद्धतीवर भर सभेत टीका केली आणि फलनांची वाट धरा म्हणून सांगितलं. अमेरिकेत बूटस्ट्रॅप नावाचा उपक्रम बारा-तेरा वर्षांच्या मुलांना याच पद्धतीने बीजगणित शिकवतो, मुलं त्यातून स्वतःचा छोटा खेळ तयार करतात. इंग्लंडमध्ये एका मोठ्या परीक्षा मंडळाने ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीच्या, संगणकशास्त्रात २०१५ पासून फंक्शनल प्रोग्रॅमिंगचा भाग ठेवला आहे.

बूटस्ट्रॅपकडून मी एक गोष्ट चोरली, ती तुम्हीही चोरावी. सूत्र लिहायच्या आधी फलनाचं नाव, त्यात काय जाणार, त्यातून काय येणार, हे एका ओळीत लिहायचं. मग हाताने सोडवलेली दोन-तीन उदाहरणं उत्तरांसकट लिहायची. उदाहरणांत जे बदलतंय त्याभोवती गोल करायचा. त्या गोलाला नाव दिलं की झाला चल. सूत्र सगळ्यात शेवटी. रिक्षाचं भाडं : एक किलोमीटर, तीन किलोमीटर, सात किलोमीटर, तिन्ही हाताने. मग गोल. 'समजा' या शब्दावर दरवर्षी अडणारी मुलं या वाटेने शाब्दिक उदाहरणाच्या आत शिरतात. बूटस्ट्रॅपच्या मंडळींनी शाब्दिक उदाहरणांतली ही सुधारणा तपासून २०१५ साली मांडलीही आहे. माझ्याकडे आकडेवारी नाही, माझ्याकडे वह्या आहेत, आणि गोल काढलेल्या वह्यांत कोरी पानं कमी आहेत.

पालकसभेत मला दरवर्षी एकच प्रश्न येतो : "याची नोकरी लागते का? पायथॉन शिकवा ना." प्रश्न खोटा नाही. त्यांना मी सांगते की तुमच्या हातातल्या व्हॉट्सॲपचे निरोप इकडून तिकडे नेणारी यंत्रणा एरलँग या फंक्शनल भाषेत लिहिली आहे. तुमच्या दुकानाचा हिशोब ज्या एक्सेलमध्ये आहे त्यातलं प्रत्येक सूत्र हे फलन आहे, २०२० पासून तर तिथे सूत्रातूनच स्वतःचं फलन लिहिण्याची सोय आली. जावासारख्या जुन्याजाणत्या भाषेनेही २०१४ मध्ये या वाटेचं बरंच काही उचललं. पण खरं सांगायचं तर चौदा वर्षांच्या मुलाला आज शिकवलेली कोणतीच भाषा त्याच्या नोकरीपर्यंत जशीच्या तशी टिकेल असं मला वाटत नाही. पायथॉन अकरावीत शिकू दे. तोवर बरोबरच्या चिन्हाचा पहिला अर्थ पक्का झालेला असेल, मग दुसरा अर्थ दुसरा म्हणून शिकता येतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलं आहे. राज्यात नवी पाठ्यपुस्तकं पहिलीपासून येऊ लागली आहेत, वरच्या इयत्तांची पाळी येईलच. म्हणून हे पत्र आत्ता. मला भीती वाटते ती अशी की कोडिंगचं एक वेगळं चकचकीत पुस्तक निघेल, आठवड्याला एक तास मिळेल, तो तास क्रीडामहोत्सवात किंवा निवडणुकीच्या कामात जाईल, आणि एखाद्या क्लासवाल्या कंपनीचा संच शाळेच्या माथी मारला जाईल. वेगळा विषय करू नका. गणिताच्या पुस्तकातच जागा द्या. सातवीच्या बैजिक राशींनंतर दोन पानं, आठवीत समीकरणांच्या शेजारी फलन हा शब्द आणि त्याची गिरणी, नववीत संचानंतर निवड, प्रत्येकी आणि गोळाबेरीज. जिथे यंत्र नाही तिथे चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्यांनी चालेल असंच लिहा, कारण गडचिरोलीतल्या शाळेला आणि नागपूरच्या मनपा शाळेला एकच पुस्तक जातं. भाषा कोणती घ्यायची हे तुम्ही ठरवा, माझा रॅकेटचा हट्ट नाही. नावाची किंमत बदलता येऊ नये, फुकट असावी, आणि मुलाला मराठीत नाव देता यावं, एवढं पाहा.

परीक्षेत 'फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणजे काय? त्याची चार वैशिष्ट्ये लिहा' असा प्रश्न कृपया येऊ देऊ नका. आला की गाइडं निघतील आणि विषय त्याच वर्षी मरेल.

प्रशिक्षण ठेवाल तेव्हा आम्हा शिक्षकांना मुलांच्या जागी बसवा, पडद्यावर चित्रफिती दाखवू नका. आणि नागपूरला मे महिन्यात ठेवू नका. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटाला उघडतात त्याला कारण आहे, ४५ अंशांत पंख्याखाली बसून कोणालाही कंस जुळवता येणार नाहीत. दिवाळीनंतर या. शनिवारी सकाळी आमचा वर्ग असतो, शेवटचे दोन तास. तुमच्यापैकी कोणीही न कळवता आलं तरी चालेल. एक चिठ्ठी हातात मिळेल आणि रांगेत उभं राहावं लागेल.

ती शून्य मिळालेली मुलगी आता अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. मागच्या महिन्यात फलनाचं प्रकरण सुरू झालं म्हणून सांगायला शाळेत आली होती. मी तिला विचारलं, तो पेपर आहे का गं अजून? म्हणाली, रद्दीत गेला असेल. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र तिच्या नावापुढे तो गुण कमीच आहे, आणि बंद झालेल्या वर्षाचं रजिस्टर मला दुरुस्त करता येत नाही. मी विचारून पाहिलं.

सोबत आमच्या चिठ्ठ्यांचा एक संच टपालाने पाठवते आहे : संत्र्यांच्या पाच, निवड-प्रत्येकी-गोळाबेरीज अशा तीन पाट्या, रिक्षाभाड्याच्या तीन, आणि कोऱ्या वीस. १४० ग्रॅमवाली चिठ्ठी नव्याने लिहिलेली आहे. मूळ एका मुलाने खिशात घालून घरी नेली.

आपली,
गणिताची एक शिक्षिका
नागपूर